आठ अक्षरांचा शोक

माउली, नामदेवरायांचे समाधीचे अभंग आपण म्हणतो. त्यांचं माप बहुतेक सहा-सहा-सहा-चार. चौथ्या चरणात दोन अक्षरं कमी, तिथं आपोआप उसासा येतो. आपल्या खानदेशातला एक विलाप मात्र असं थांबू देत नाही.

आसोद्याच्या लेकी, जळगावच्या सूनबाई बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ऐन तिशीत विधवा झाल्या. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई त्या निराळ्या. अजून सरमिसळ होते, म्हणून सांगितलं. 'आता माझा माले जीव' हे गाणं त्या दुःखातलं. लिहिता-वाचता येत नसलेल्या या माउलीची गाणी १९५२ साली, त्या गेल्यावर, पुस्तकात आली.

गाण्याचं नाव बोटांवर मोजा. आठ अक्षरं, आपल्या लहान अभंगाच्या चरणाएवढी. पुढंही आठ-आठच, चरण कुठं तोकडा पडत नाही. जात्याचा खुंटा धरलेल्या बाईला मध्येच थांबता येत नाही, तशी ही चाल.

दोन अक्षरांचं नाम, मग तीन अक्षरांचं क्रियापद लागोपाठ दोनदा, अशी मांडणी पुन्हा पुन्हा येते. पहिल्यांदा घडलेलं सांगायचं, दुसऱ्यांदा ते मनाला पटवायचं. यमक तर पाहाच. 'सरले'ला 'उरले' जुळतं. आसवं सरतात, हुंदके उरतात. झाड जातं, सावली राहते. कुंकू पुसलं जातं, गोंदण राहतं. गाण्याचा सगळा विचार त्या दोन क्रियापदांच्या जोडीत आहे. शेवटी 'कीव' आणि 'जीव'. एका अक्षराचा फरक. पहिलं आयाबायांना परत करायचं, दुसरं स्वतःकडे ठेवायचं.

काही जण म्हणताना 'माले'चं 'मला' करतात. अक्षरं तेवढीच राहतात, पण गाणं बिघडतं. 'आता माझा मा' ही पाच अक्षरं 'आ'कारातच चालतात, हंबरल्यासारखी. मग 'ले'वर आवाज वळतो आणि 'जीव'वर टेकतो. 'मला' म्हटलं की 'मा'ची दुसरी हाक गेली. तावडी बोली इथं सुधारायची गोष्ट नाही.

आणि रडवी, ओढलेली चालही लावू नका. बाईनं आसवं मागं टाकली आहेत, दोन मुलं समोर आहेत. टाळाच्या साध्या ठेक्यावर, एका लयीत म्हणून पाहा.