प्याला आणि बैठक : मराठी साहित्यातील मद्यपानाच्या तीन प्रसंगांचा पुनर्विचार

मराठी समीक्षेने मद्यपानाचा विचार बहुतांशी प्याल्याच्या अंगाने केला आहे, बैठकीच्या अंगाने फारसा केलेला नाही. पिणारा कोण, त्याचा ऱ्हास कसा झाला, त्याच्या संसाराची वाताहत कशी झाली, हे प्रश्न वारंवार विचारले गेले. परंतु मद्य एकट्याने क्वचितच घेतले जाते. त्याला सोबती लागतात, जागा लागते, कोणीतरी यजमान लागतो आणि प्याल्याशेजारी चकणा लागतो. चार माणसे संध्याकाळी एकत्र बसतात आणि दिवसभर न बोललेले बोलून जातात, ही घटना नाटककाराच्या दृष्टीने प्याल्याहून अधिक मोलाची असते. प्रस्तुत लेखात अशा तीन बैठकींचा विचार केला आहे : प्रभासक्षेत्री जमलेल्या यादवांची, ‘एकच प्याला’मधील आर्य मदिरा मंडळाची आणि ‘पार्टी’मधील दमयंती राणे यांच्या दिवाणखान्यातील.

पहिल्या बैठकीचा बारामतीशी जवळचा संबंध आहे. मोरोपंतांचे (१७२९–१७९४) बहुतेक आयुष्य कऱ्हेकाठच्या या गावी गेले आणि महाभारत आर्यावृत्तात मराठीत आणण्याचे त्यांचे कार्य येथेच झाले. त्या महाभारतातील मौसलपर्वाकडे कुलक्षयाची आणि शापाची कथा म्हणून पाहिले जाते. मात्र ती दारूबंदीचीही कथा आहे. मुसळाच्या उत्पत्तीनंतर द्वारकेत दवंडी पिटली जाते की यापुढे कोणीही मद्य तयार करू नये. जो चोरून करील त्याला आप्तांसह सुळावर चढवले जाईल. इतका कठोर हुकूम असूनही यात्रेच्या निमित्ताने प्रभासला गेलेले यादव श्रीकृष्णाच्या देखत पितात. ब्राह्मणांसाठी शिजवलेल्या अन्नात मद्य मिसळून ते वानरांना घातले जाते. ताटातले अन्न ज्याच्यासाठी होते त्याच्याकडून दुसरीकडे वळले, आणि मर्यादा सुटल्याचे महाभारतकाराने एवढ्या एका तपशिलात सांगून टाकले. पुढील भांडण मद्याने निर्माण केलेले नाही. निजलेल्या वीरांना मारण्यात सामील झाला म्हणून सात्यकी कृतवर्म्याची निर्भर्त्सना करतो. कृतवर्मा त्याला भूरिश्रव्याच्या वधाची आठवण देतो. युद्ध होऊन छत्तीस वर्षे लोटली आहेत. एवढा काळ दोघेही एकाच नगरीत राहिले, सभांना बसले. गिळून ठेवलेले ते सारे या बैठकीत बाहेर पडते. मद्य येथे कारण नाही, निमित्त आहे.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर (२३ जानेवारी १९१९) रंगभूमीवर आले आणि सिंधूच्या भूमिकेतील बालगंधर्वांमुळे घरोघरी पोहोचले. या नाटकावर लिहिताना सुधाकराचे पतन व सिंधूचे पातिव्रत्य यांना मध्यभागी ठेवण्याची आणि तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाला ‘विनोदी उपकथानक’ म्हणून बाजूला सारण्याची प्रथा पडली आहे. ही विभागणी मान्य करण्याजोगी नाही. वकील सुधाकराच्या हाती पहिला प्याला येतो तो न्यायालयातील अपमानानंतर, सनद काही काळ रद्द झाली असताना. म्हणजे प्रतिष्ठेच्या एका मंडळातून तो बाहेर फेकला गेला आहे. मदिरा मंडळ त्याला दुसरे मंडळ देते. त्या काळी गावोगावी स्थापन होणाऱ्या सभासंस्थांचे सारे विधी या मंडळात आहेत : नाव भारदस्त, भाषणे गंभीर, तात्त्विक समर्थने तयार. शास्त्री आणि खुदाबक्ष ज्या काळात एका पंगतीस बसू शकले नसते, त्या काळात ते येथे एकत्र बसतात. गडकऱ्यांनी हे हसण्यावारी नेले आहे. परंतु सुधारकांच्या व्याख्यानांतून जे साधले नव्हते ते गुत्त्यात साधत होते, ही बोच त्या हास्याखाली आहे. पुण्यात १९०८ च्या सुमारास टिळकांच्या पाठिंब्याने मद्यविक्रीच्या दुकानांपुढे निरोधने झाली होती. त्या वातावरणाची ताजी आठवण असलेल्या प्रेक्षकाला हा उपहास दोन्ही बाजूंनी लागला असला पाहिजे. सुधाकराला प्याल्याने ओढले हे अर्धेच खरे. त्याला मंडळाने सामावून घेतले, आणि असे सामावून घेणारे दुसरे कोणी उरले नव्हते. रामलालचा सदुपदेश निष्फळ ठरतो त्याचे कारणही हेच असावे. उपदेशाला पंगत नसते.

महेश एलकुंचवार यांच्या ‘पार्टी’त (१९७६) ही बैठक मुंबईच्या अभिजन वर्तुळात येते. पुरस्कारप्राप्त नाटककार दिवाकर बर्वे यांच्या सन्मानार्थ दमयंती राणे यांनी मेजवानी दिली आहे. पेले भरले जातात, खाण्याच्या बशा फिरतात आणि संभाषण पुन्हा पुन्हा एका अनुपस्थित माणसाकडे वळते. शहर व प्रतिष्ठा सोडून आदिवासींमध्ये गेलेला कवी अमृत हा तो माणूस. गोविंद निहलानी यांनी १९८४ मध्ये या नाटकावर हिंदी चित्रपट केला. त्यात दमयंतीची भूमिका विजया मेहता यांनी केली होती, तर बर्वे यांच्या सहचरीच्या, मोहिनीच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कलावंताची सामाजिक बांधिलकी हा या कृतीचा विषय मानला जातो आणि त्यावरील वाद तेथे विस्ताराने येतो. तरीही तो वाद हा तिचा सर्वांत बलवान भाग नाही. वाद पुष्कळदा निबंधासारखा ऐकू येतो. बळ आहे ते मोहिनीच्या नशेत. इतर सर्वजण मोजून पितात, म्हणून त्यांचे खोटे सांभाळले जाते. तिला मोजता येत नाही, म्हणून सर्वांना अवघडल्यासारखे होते. प्रभासला सात्यकीने जे केले ते येथे एका उपेक्षित स्त्रीकडे आले आहे. फरक इतकाच की तिच्या बोलण्याने येथे कोणाचा क्षय होत नाही. तिला सावरून बाजूला नेले की मेजवानी पूर्ववत चालू राहते. अभिजन बैठकीचे हे सामर्थ्य एलकुंचवारांनी अचूक टिपले आहे.

बारामती-इंदापूर परिसरातील महाविद्यालयांत ही नाटके शिकवताना एक अडचण उभी राहते. येथील विद्यार्थ्याला दमयंतीबाईंचा दिवाणखाना परका असतो, पण बैठक परकी नसते. रस्त्याकडेच्या गार्डन रेस्टॉरंटमधील परमिट रूम त्याने निदान बाहेरून तरी पाहिलेली असते. भिगवणला उजनीच्या फुगवट्यातील चिलापी तळून पुढ्यात येते आणि तिच्या भोवती ऊसदराच्या, निवडणुकीच्या, वाटण्यांच्या गोष्टी होतात. ‘परमिट रूम’ हा शब्दच विचार करण्याजोगा आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद ठरवला. अपवादाची खोली गावोगाव झाली. द्वारकेतील दवंडी आणि प्रभासची यात्रा यांचेच हे कायदेशीर रूप म्हणता येईल. शिवाय १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने या भागात ऊस रुजवला, उसामागून कारखाने आले, आणि कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क तयार होतो. भारतीय बनावटीच्या पुष्कळशा विदेशी मद्याचा पाया हा मद्यार्कच असतो. मुंबईच्या दिवाणखान्यातील पेल्याचे मूळ अशा रीतीने एखाद्या उसाच्या फडात असू शकते. ‘पार्टी’तील पात्रे शोषणाविषयी पुष्कळ बोलतात, हातातल्या पेल्याविषयी त्यांना कुतूहल वाटत नाही. ही नाटककाराची उणीव नव्हे, ते त्या वर्गाचे चित्रण आहे. मात्र वर्गात शिकवताना हा दुवा सोडून देणे ही अध्यापनाची उणीव ठरेल.

याहून मोठा प्रश्न बैठकीत नसलेल्यांचा आहे. मदिरा मंडळ भरते तेव्हा सिंधू दळण दळत असते. सुधाकराच्या प्रहाराने मूल दगावते, ती स्वतः मरणपंथाला लागते आणि तरीही पोलिसांना आपण पडल्याचे सांगते. या खोट्याला पातिव्रत्याचा कळस मानणारे वाचन दीर्घकाळ चालत आले. त्याला स्त्रीवादी समीक्षेने घेतलेला आक्षेप योग्यच आहे, पण तो सिंधूच्या मनाशी थांबतो. सुधाकराला त्याचे मंडळ होते. सिंधूला आपले म्हणणे मांडण्यासाठी बसायला कोणतीच बैठक नव्हती. पुढे महाराष्ट्रात गावातील मद्यविक्री बंद करण्यासाठी स्त्रियांचे मतदान घेण्याची तरतूद झाली आणि मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चिन्हे आली. त्या रांगेत उभ्या राहिलेल्या स्त्रीला साक्षीला घेऊन ‘एकच प्याला’चा शेवटचा अंक वाचला, तर पोलिसांपुढे सिंधू जे बोलली त्यापेक्षा ती जे कोणापुढेच बोलू शकली नाही ते अधिक ठळकपणे ऐकू येते.