मैदानाबाहेरचा सूत्रधार

दिवाळीत अंगणात किल्ला रचणाऱ्या मुलाकडे जरा निरखून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. माती थापताना तो रमतो, परंतु मावळे मांडताना त्याहून अधिक रमतो. हा दरवाजावर, तो तोफेपाशी, तिसरा बुरुजावर. मग सगळे उचलून पुन्हा नवी मांडणी. माणसे योग्य जागी उभी करण्याचा हा आनंद फार जुना आहे. मात्र मातीचे मावळे ठेवले तेथेच राहतात. ते जर जागेवरून हलू लागले, दमू लागले, रुसू लागले, आणि शेजारच्या अंगणातला किल्लाही त्याच वेळी चाल करून येऊ लागला, तर? संगणकावरच्या ज्या खेळाविषयी मी येथे लिहिणार आहे, तो या ‘तर’मधून जन्मलेला आहे. त्याचे नाव ‘फुटबॉल मॅनेजर’.

संगणकाच्या खेळाचे परीक्षण दिवाळी अंकात कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. वाटणे स्वाभाविक आहे. पण जी गोष्ट आपल्या घरातली मुले, आणि पुष्कळदा त्यांचे वडीलही, जेवणाची हाक ऐकू न येण्याइतके रंगून करतात, तिला ‘वेळेचा अपव्यय’ म्हणून मोडीत काढणे हे टीकेचे काम नव्हे. तिच्यात काय आहे आणि काय नाही हे पाहणे, हे टीकेचे काम.

या खेळाची कुळकथा थोडक्यात अशी. १९८२ साली इंग्लंडमध्ये केव्हिन टॉम्स यांनी याच नावाचा एक साधा खेळ त्या काळच्या चिमुकल्या घरगुती संगणकांसाठी काढला. आजच्या खेळाची परंपरा मात्र वेगळ्या घरातली. श्रॉपशायर परगण्यातील पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोघा भावांनी घरच्या घरी रचलेला ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ १९९२ साली बाजारात आला. पुढे प्रकाशकाशी फारकत झाली. जुने नाव प्रकाशकाकडे राहिले आणि २००४ पासून कॉलियर बंधूंचा खेळ ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने निघू लागला. आरंभीच्या आवृत्त्यांत सामना दिसतच नसे. पडद्यावर एकामागून एक वाक्ये उमटत, आणि आकाशवाणीवरचे धावते समालोचन ऐकावे तसा सामना मनाने पाहावा लागे. २००३ साली मैदान वरून दिसू लागले आणि खेळाडूंच्या जागी ठिपके धावू लागले. २००८ च्या अखेरीस त्या ठिपक्यांना हातपाय फुटले. शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला त्या वाक्यांच्या काळाविषयी ममत्व वाटणारच. परंतु न्यायाने बोलायचे तर डावपेचांचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला तो ठिपके दिसू लागल्यावरच. गोल झाला हे वाक्य सांगते. तो कोठल्या रिकाम्या जागेतून झाला, हे ठिपकाच दाखवतो.

फुटबॉल न पाहणाऱ्या वाचकांनी आट्यापाट्या आठवाव्यात. तेथे प्रत्येक पाटीवाला आपापली पाटी धरून असतो; मधल्या उभ्या पाटीवर धावण्याची मुभा असते ती एकट्या सुराला. फुटबॉलमध्ये गोलरक्षक सोडून दहा जण असतात. ४-४-२ म्हणजे चार मागे, चार मध्ये, दोन पुढे. येथे प्रत्येकाला पाटी आहे आणि प्रत्येकाला ती सोडण्याची मोकळीकही आहे. कोणी, केव्हा आणि किती सोडायची, हे ठरवणे म्हणजे डावपेच. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीच्या मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरवले ते याच हिशेबावर. हंगेरीचा हिदेगकुटी पाठीवर नऊ आकडा घेऊन, म्हणजे सर्वांत पुढच्या खेळाडूचा आकडा घेऊन, उतरला आणि खेळला मात्र मागे सरकून. त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या इंग्रज बचावपटूपुढे पेच पडला: मागोमाग जावे तर आपली जागा रिकामी, जागा धरावी तर हा मोकळा. हिदेगकुटीने तीन गोल केले. ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये आज मुले एका खेळाडूला ‘फॉल्स नाइन’ नावाची जी भूमिका देतात, ती त्याच कुळातली.

खेळाचा व्यवहार असा आहे. प्रत्येक खेळाडूला एक भूमिका द्यायची. संघाची एकंदर वृत्ती ठरवायची; अतिबचावापासून अतिआक्रमणापर्यंत तिच्या सात पायऱ्या आहेत. बचावफळी किती पुढे उभी राहील, चेंडू किती वेगाने फिरेल, प्रतिस्पर्ध्यावर कोठे तुटून पडायचे, हे सांगायचे. २०२५ च्या नोव्हेंबरात निघालेल्या आवृत्तीत तर चेंडू आपल्याकडे असतानाची मांडणी वेगळी आणि नसतानाची वेगळी, अशा दोन मांडण्या रचाव्या लागतात. इतके सांगून झाले की सामना सुरू. बाहेरून आणखी सूचना देता येतील, बदली खेळाडू उतरवता येतील. पण चेंडूला पाय लावता येणार नाही. सूत्रधार रंगमंचाबाहेर. हेच या खेळाचे खरे वैशिष्ट्य आणि माझ्या मते त्याचे मोठेपण. संगणकाचे बहुतेक खेळ बोटांच्या चपळाईवर चालतात. हा खेळ सांगितलेला शब्द आणि घडलेली गोष्ट यांतील अंतर दाखवून देतो. ज्याने कधी वर्ग शिकवला आहे किंवा घर चालवले आहे, त्याला हे अंतर परके नाही.

आता खेळणारा शिकतो कसा ते पाहू. समजा, त्याने आक्रमणाच्या हौसेने उजव्या बगलेच्या बचावपटूला पुढे धावायला सांगितले आणि त्याच बाजूच्या मधल्या फळीतल्या खेळाडूलाही पुढेच पाठवले. पहिले चार सामने गोलांचा पाऊस. पाचव्या सामन्यात आपल्यावरच तीन गोल. कच्चा खेळाडू संतापतो आणि एका दमात पाच गोष्टी बदलतो: मांडणी, वृत्ती, वेग, बचावफळीची उंची आणि वर बिचारा गोलरक्षक. पुढचा सामना तो जिंकतो आणि सुटलो म्हणतो. वैद्याने एका पुडीत पाच औषधे दिली. रोगी उठून बसला. पण कोणत्या औषधाने, हे वैद्याला कळले नाही आणि रोग्यालाही नाही. जाणता खेळाडू हरलेला सामना पुन्हा लावतो, आणि निवडक क्षण न पाहता सबंध पाहतो. तीनही गोल त्याच उजव्या कोपऱ्यातून झालेले त्याला दिसतात, कारण तेथून एकाच वेळी दोघे निघून गेलेले असतात. तो फक्त मधल्या खेळाडूला मागे थांबवतो. बाकी काही हलवत नाही. कोपरा बुजतो. पण आता पुढच्या माणसाला चेंडू पोचेनासा होतो! प्रत्येक उपायाची किंमत कोठेतरी मोजावी लागते. कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणातले एक पात्र काढून टाकल्यावर दहाव्या प्रकरणाची भिंत कलते, तसाच हा प्रकार.

याहून मार्मिक आहे तो दुसऱ्या वर्षाचा अनुभव. पहिल्या हंगामात ज्या डावपेचांनी दुबळा संघ वर चढला, तेच डावपेच दुसऱ्या हंगामात निकामी होतात. खेळणाऱ्याला वाटते, यंत्र आपल्याशी लबाडी करीत आहे. वस्तुतः बदललेला असतो प्रतिस्पर्धी. नाव नसलेल्या संघावर सारे चाल करून येत, तेव्हा त्यांच्या पाठीमागे मोकळी जागा असे आणि आपला वेगवान गडी तेथे धावे. आता आपले नाव झाले; प्रतिस्पर्धी आपल्या गोलापुढे दहा माणसांची भिंत उभी करून बसतात, आणि धावायला जागाच उरत नाही. वीसवेळा चेंडू मारला तरी गोल नाही, कारण वीसही फटके दुरून, गर्दीतून मारलेले. २०२१ च्या आवृत्तीपासून हा खेळ प्रत्येक फटक्याची योग्यता मोजून ‘अपेक्षित गोल’ नावाचा आकडा दाखवतो; वीस फटक्यांचे पोकळपण तेथे उघडे पडते. यश हीच पुढची अडचण, हे सत्य इतक्या नि:शब्दपणे सांगणाऱ्या कलाकृती मी फार पाहिलेल्या नाहीत.

आम्हा मास्तरांना गणिताच्या वहीत एक प्रकार नेहमी भेटतो: उत्तर बरोबर, रीत चूक. अशा मुलाला पूर्ण गुण दिले तर त्याचे नुकसान होते, कारण पुढच्या गणिताला ते उत्तर उपयोगी पडत नाही. ‘फुटबॉल मॅनेजर’ हा नीट खेळला तर रीत तपासायला शिकवणारा खेळ आहे. जिंकलेला सामनाही चुकीच्या रीतीने जिंकलेला असू शकतो आणि हरलेला सामना बरोबर रीतीने हरलेला. निकाल हा साक्षीदार खरा, पण त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निवाडा करू नये.

‘नीट खेळला तर’ असे मी म्हटले. कारण नीट न खेळण्याच्या सोयीही येथे भरपूर आहेत. दुसऱ्याने रचलेले तयार डावपेच जसेच्या तसे उतरवून घेता येतात. ते आमच्या बाजारातल्या गाइडांसारखे: पास होण्यापुरते चोख. त्यातले काही तर फुटबॉलच्या ज्ञानावर उभे नसतातच. सामना चालवणाऱ्या यंत्रातली एखादी फट हेरून तीच रुंद केलेली असते. तसेच, सामन्यापूर्वी खेळ जपून ठेवावा आणि हरल्यास तो पुसून पुन्हा खेळावा, हीही वाट मोकळी आहे. पराभवच पुसला म्हणजे त्याचे कारण शोधण्याची गरज संपते आणि खेळातला अर्थही संपतो. तथापि, हे दोष निम्मे खेळणाऱ्याचे आहेत. गाइडे निघाली म्हणून कोणी पाठ्यपुस्तकाला दोष देत नाही.

माझा खरा आक्षेप याहून खोल आहे आणि तो कर्त्यांवर आहे. या खेळात माणसाचे गुण एक ते वीस या आकड्यांत मांडलेले असतात: धाव इतकी, धैर्य इतके, चिकाटी इतकी. खेळ म्हटला की मोजदाद आली. शिवाय सातत्यासारखे काही गुण कर्त्यांनी मुद्दाम दडवून ठेवले आहेत, हा त्यांचा समंजसपणा. येथवर माझी तक्रार नाही. परंतु प्रत्येक खेळाडूच्या पोटात आणखी एक दडलेला आकडा असतो, दोनशेपैकी. हा मुलगा जास्तीत जास्त कोठवर जाईल, याचा तो आकडा. मुलाने किती घाम गाळला, गुरू कोण भेटला, यावर तो तेथवर पोचेल की नाही हे ठरेल. पण ती रेघ ओलांडणे त्याला नाही. पंधरा-सोळा वर्षांचे पोर संघात दाखल होते तेव्हाच सटवाई त्याच्या कपाळावर लिहून गेलेली असते. डावपेचांच्या बाबतीत कार्यकारणाचा इतका कसोशीने आदर करणारी कलाकृती माणसाच्या बाबतीत मात्र ललाटलेखावर विसंबते, ही विसंगती मला बोचते. आणि हे आकडे पडद्यातच राहिलेले नाहीत. २००८ साली एव्हर्टन या इंग्लंडमधील नामांकित क्लबाने खेळाडू हेरण्यासाठी या खेळाची माहितीपेढी वापरण्याचा करार केला होता.

येथे मला सय्यद अब्दुल रहीम आठवतात. हैदराबादचे रहीमसाहेब पेशाने शिक्षक आणि भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांचा भक्कम बचावपटू जर्नेलसिंग थायलंडविरुद्ध डोक्याला मार लागून जायबंदी झाला, टाके पडले. त्याला उपांत्य आणि अंतिम सामन्यात रहीमनी आघाडीवर खेळवले! दोन्ही सामन्यांत त्याने गोल केला. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव करून भारताने सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी, १९६३ साली, रहीम कर्करोगाने गेले. ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये अशी चाल करण्याची बंदी नाही, हे कबूल. पण पडद्यावरचा आकडा त्या जागेसाठी जर्नेलसिंगचे नाव कधीच सुचवणार नाही. रहीमनी आकडा पाहिला नव्हता. माणूस पाहिला होता, आणि तो वर्षानुवर्षे पाहिला होता.

म्हणून माझा अभिप्राय दुहेरी आहे. कारण शोधण्याची शिस्त लावणारा, उतावळेपणाला शिक्षा करणारा आणि यशाचीही उलटतपासणी घेणारा असा हा खेळ आहे. त्याला करमणुकीच्या पंगतीत शेवटचे पान मांडणे अन्यायाचे होईल. पण माणसाची अखेरची रेघ आधीच आखता येते, ही त्याची समजूत मात्र पडद्यावरच ठेवावी. ती घरात किंवा शाळेत येऊ देऊ नये. सुट्टीत तुमचा मुलगा किंवा मुलगी या खेळापुढे बसलेली दिसली, तर किती गोलांनी जिंकलीस, एवढेच विचारून स्वयंपाकघराकडे वळू नका. चकलीची बशी पुढे ठेवा आणि विचारा, “का जिंकलीस?” उत्तर लांबले तर ऐकून घ्या. ते लांबत असेल, तर पोर नीट खेळत आहे.