डी-३ म्हणजे शून्य

साताऱ्याच्या घरी गच्चीवरची टाकी भरली की बाबांना कळावं म्हणून मी तीन वर्षांपूर्वी एक डबा बसवला. टाकीत फ्लोट स्विच, तिथून खाली मोटरच्या बटणापर्यंत वायर, आणि डब्यात ईएसपी-८२६६ चिपचा काडेपेटीहून लहान बोर्ड. टाकी भरली की डब्यावरचा दिवा लागायचा आणि इकडे न्यू जर्सीत माझ्या फोनवर निरोप यायचा. बोर्ड कोणाचा होता ते सांगत नाही. तशाच छपाईचे बोर्ड डझनभर लोक बनवतात आणि माझी तक्रार त्या छपाईबद्दलच आहे.

डबा अधूनमधून मरायचा. लाइट जाऊन आली की कधी उठायचा, कधी नाही. मी आधी राउटरवर संशय घेतला, मग ॲडॅप्टरवर, मग स्वतःच्या कोडवर. कोड तीनदा तपासला. शेवटी बाबाच फोनवर म्हणाले, "अरे, टाकी भरलेली असताना लाइट गेली तरच तो उठत नाही. रिकामी असली की उठतो." मी हसलो. पाण्याचा आणि बोर्ड सुरू होण्याचा काय संबंध?

संबंध होता. फ्लोट स्विचची वायर मी 'डी-३' असं छापलेल्या पिनेला लावली होती. चिपच्या स्वतःच्या हिशेबात ही पिन जीपीआयओ शून्य आहे. वीज मिळताच चिप या पिनेकडे बघते. पिनेवर ३.३ व्होल्ट असले तर ती नेहमीचा प्रोग्रॅम चालवते. पिन जमिनीला जोडलेली असली तर तिला वाटतं, कोणीतरी नवा प्रोग्रॅम भरायला बसलं आहे, आणि ती वाट बघत राहते. टाकी भरली की माझा फ्लोट हीच पिन जमिनीला जोडत होता. एरवी काही बिघडत नव्हतं, पण नेमक्या त्या वेळी लाइट गेली की परत आल्यावर बिचारी चिप साताऱ्यात माझी वाट बघत बसायची.

हे कागदपत्रांत लिहिलेलं आहे, मान्य. मी वाचलं नव्हतं, हेही मान्य. पण बोर्ड हातात घेतल्यावर डोळ्यांना काय दिसतं? डी-० ते डी-८, ओळीने, सगळे सारखे. आर्डुइनोवर हात बसलेल्या माणसाला ही नावं घरची वाटतात, आणि गोम तिथेच आहे. आर्डुइनो उनोची ३ क्रमांकाची पिन खरोखरच ३ आहे आणि ती कशालाही वापरता येते. इथे डी-३ म्हणजे शून्य, डी-४ म्हणजे २, डी-८ म्हणजे १५. या तिघींवर वीज येण्याच्या क्षणी काय आहे, यावर बोर्ड उठणार की नाही ते ठरतं. शेजारची डी-५, म्हणजे १४, मात्र अगदी गरीब स्वभावाची. धोक्याच्या पिना आणि साध्या पिना एकाच गणवेशात उभ्या केल्या आहेत.

याला कारण आहे, आणि ते समजून घेतलं पाहिजे. ही चिप मुळात छंदी लोकांसाठी नव्हती. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने ती दुसऱ्या उपकरणांना स्वस्तात वाय-फाय देण्यासाठी केली होती. २०१४ साली ईएसपी-०१ नावाच्या आठ पिनांच्या तुकड्यातून ती आपल्यासारख्यांच्या हाती आली. तोवर आर्डुइनोचं वाय-फाय शील्ड खुद्द आर्डुइनोपेक्षा कितीतरी महाग पडायचं. त्यामुळे लोक तुटून पडले, चिनी कागदपत्रं उलगडली, आणि पुढच्याच वर्षी ती आर्डुइनोच्या पद्धतीने प्रोग्रॅम करता येऊ लागली. एवढं सगळं परक्या लोकांनी हौसेने केलं, त्यांचे उपकार आहेतच. मोजक्याच पिना असल्यामुळे एका पिनेला दोन कामं देणं हा चिपपुरता शहाणपणाच आहे. पण बोर्ड बनवणाऱ्याचं काम चिपच्या पुढे सुरू होतं.

"चार डॉलरच्या बोर्डाकडून किती अपेक्षा करायची?" असं माझा एक मित्र म्हणतो. पण पांढरी शाई तिथे आहेच की. डी-३ छापायला जेवढी लागली तेवढीच शून्याला लागली असती. तीन पिनांशेजारी तीन ठिपके दिले असते, तर मी निदान विचारलं तरी असतं की हे ठिपके कसले.

२०१६ च्या ईएसपी-३२ ने ताकद वाढवली, दोन कोअर दिले, ब्लूटूथ दिलं. खोड मात्र गेली नाही. त्याची १२ क्रमांकाची पिन सुरुवातीला 'हाय' असली तर चिप फ्लॅश मेमरीला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट द्यायला जाते, आणि बहुतेक बोर्ड तिथेच बसतात. ३४ ते ३९ या पिनांतून फक्त आत घेता येतं, बाहेर काही देता येत नाही. बोर्डांवर मात्र बहुधा नुसते आकडे.

रास्पबेरी पाय पिको डब्ल्यू (२०२२, सहा डॉलर) या बाबतीत सभ्य आहे. प्रोग्रॅम भरण्यासाठी वेगळं बटण आहे, त्यामुळे तुमची पिन मध्ये येत नाही, आणि कागदपत्रं तर वाचत राहावी अशी. पण पिनांची नावं छापली आहेत बोर्डाच्या पोटावर! ब्रेडबोर्डवर बसवला की दिसत नाहीत. रीसेटचं बटणही नाही.

माझ्या मते नीट विचार करून केलेला बोर्ड म्हणजे अ‍ॅडाफ्रूटचा फेदर हुझा. चिप तीच, ८२६६, पण बोर्डावर चिपचे खरे आकडे. शून्यावर लाल दिवा जोडलेला आहे आणि ही पिन सुरुवातीला खाली ओढू नका, असं मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे. शिवाय बॅटरी लावायची सोय, म्हणजे लाइट गेली तरी बोर्ड जागाच. किंमत अर्थात कितीतरी जास्त.

साताऱ्याची वायर मी डिसेंबरात गेलो तेव्हा डी-५ वर नेली आणि कोडमधला एक आकडा बदलला. पाच मिनिटांचं काम, पण त्यासाठी नऊ महिने थांबावं लागलं, कारण ज्याला ते करता येतं तो न्यू जर्सीत होता. तोवर बाबांनी डब्यावर कागद चिकटवला होता: "लाइट आल्यावर – वायर काढा, बटण बंद-चालू करा, दहा मोजा, वायर लावा." बोर्डावर जे छापलेलं नव्हतं ते त्यांनी बॉलपेनने लिहिलं होतं.

यंदा मावशीकडे पुण्याला तसाच डबा बसवायचा आहे. मी फेदर घ्यायचं म्हणतोय. बाबांना किंमत सांगितली, तर म्हणाले, "कशाला एवढे पैसे घालवतोस? मी तिला वायर काढायला शिकवतो."