क्षार, प्रथिन आणि पारिभाषिक संज्ञा

पारिभाषिक संज्ञा वस्तूला केवळ नाव देत नाही. त्या वस्तूविषयीचा एखादा सिद्धान्तही ती पोटात बाळगून असते. सिद्धान्त टिकला नाही तर संज्ञेचे काय करावयाचे, हा प्रश्न इलॅस्टिनसदृश बहुवारिकांवर क्षारांचा जो परिणाम होतो, त्याविषयीच्या लिखाणात विशेष ठळकपणे उपस्थित होतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. इलॅस्टिन हे रक्तवाहिन्या, फुप्फुसे व त्वचा यांना लवचीकपणा देणारे प्रथिन होय. त्यात व्हॅलिन, प्रोलिन, ग्लायसिन, व्हॅलिन, ग्लायसिन अशी पाच अमिनो आम्लांची मालिका पुनःपुन्हा येते. या मालिकेवरून रचलेल्या कृत्रिम साखळ्या थंड पाण्यात विरघळतात. परंतु विशिष्ट तापमान ओलांडताच त्या आकसून एकत्र येतात व द्रावण गढूळ होते. ते निवविले की पुन्हा नितळ होते. क्षार मिसळल्यास हे संक्रमणाचे तापमान सरकते. फ्रान्ट्स हॉफमाइस्टर याने १८८८ मध्ये प्राग येथे अंड्यातील पांढऱ्या बलकाचा साका पाडण्याची क्षारांची शक्ती मोजली. त्या कामातून पुढे जो अनुक्रम सिद्ध झाला, तोच सामान्यतः येथेही आढळतो : एका टोकास सल्फेट, दुसऱ्या टोकास थायोसायनेट.

हॉफमाइस्टरचा अनुक्रम निरीक्षणाचा होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र त्याच्या दोन टोकांना ‘कॉस्मोट्रोप’ व ‘केओट्रोप’ ही नावे रूढ झाली. ग्रीक ‘कॉस्मॉस’ म्हणजे व्यवस्था, ‘केऑस’ म्हणजे अव्यवस्था. पहिल्या गटातील आयन पाण्याची अंतर्गत रचना बांधतात व दुसऱ्या गटातील ती मोडतात, हे गृहीत त्या नावांतच गोवलेले आहे. नेदरलँड्समधील हुइब बाकर व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये दाखविले, की आयनाला लगटून असलेल्या जलरेणूंच्या पलीकडे पाण्याच्या हायड्रोजन-बंधांवर त्याचा परिणाम नगण्य असतो.

पॉल क्रीमर व आशुतोष चिलकोटी यांच्या गटांचा २००८ मधील निबंध याच संदर्भात वाचावयास हवा. दोन इलॅस्टिनसदृश साखळ्या आणि सोडियमचे अकरा क्षार घेऊन त्यांनी परिणामाचे स्थान साखळी व पाणी यांच्या सीमेवर निश्चित केले. सल्फेटसारखे ऋणायन साखळीच्या अमाइड गटांना वेढणाऱ्या पाण्यावर परिणाम करून संक्रमणाचे तापमान उतरवितात. थायोसायनेटसारखे ऋणायन अल्प प्रमाणात असता साखळीलाच चिकटतात व ते चढवितात; प्रमाण वाढले, की ही चिकटण्याची क्रिया संपृक्त होते आणि पृष्ठताणामुळे तापमान उतरू लागते. विवेचन असे सीमेवर आले. नावे मात्र पाण्याच्या रचनेची राहिली. निबंधाचे सामर्थ्य त्याच्या मापनांत आहे, उणीव त्याच्या शब्दांत.

इंग्रजी वाचकाला हे फारसे बाधत नाही. त्याच्या लेखी ग्रीक व्युत्पत्ती झिजलेली आहे व संज्ञा केवळ रूढ झाली आहे. मराठीत ‘जलरचनाकारक’ व ‘जलरचनाभंजक’ असे प्रतिशब्द घडविले, तर रूढ शब्द पुन्हा यौगिक होईल आणि टाकून दिलेला सिद्धान्त प्रत्येक अवयवातून बोलू लागेल. ‘पंकज’ म्हणताना चिखल आठवत नाही, कारण तो योगरूढ शब्द आहे. नव्या संज्ञेला ती सवलत नसते. ‘ऑक्सिजन’ म्हणजे आम्लजनक. सर्व आम्लांत तो असतोच, हे लाव्हाझियेचे मत पुढे चुकीचे ठरले. बंगालीतील ‘अम्लजान’ या शब्दाने ते मत उचलले. मराठीतील ‘प्राणवायू’ने कार्यावरून नाव देऊन ते टाळले.

तर मग ‘तापमान उतरविणारे’ व ‘चढविणारे’ असे गट करावेत काय? तेही पुरेसे नाही. थायोसायनेट प्रमाणानुसार दोन्ही करते. म्हणून अनुक्रमाला हॉफमाइस्टरचेच नाव ठेवावे, आणि परिणाम सांगताना आयन, त्याचे प्रमाण व तापमानाची दिशा ही तिन्ही नमूद करावीत. जेथे एक शब्द खोटे बोलतो, तेथे पूर्ण वाक्य लिहिणे हेच परिभाषाकाराचे कर्तव्य होय.