एम्युलेटर आणि पाठनिर्णय : हातातील यंत्रावरील अनुकरणाची एक चिकित्सा

१

एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली निराळ्या घडणीच्या दुसऱ्या यंत्रावर जशीच्या तशी चालावी, यासाठी पहिल्याचे वर्तन दुसऱ्यावर उभे करणारी जी आज्ञावली रचतात तिला एम्युलेटर म्हणतात. तिला ‘अनुकारक’ म्हणता येईल. परंतु अनुकरण नुसत्या बाह्य रूपाचेही असू शकते, आणि येथे तर आज्ञेच्या अर्थाचे पालन अभिप्रेत आहे. म्हणून रूढ परभाषी शब्दच ठेवला आहे. उत्पादन थांबलेल्या खेळयंत्रांवरील खेळ आज मोबाइलसारख्या हातातील यंत्रांवर खेळता येतात, ते या एम्युलेटरांच्याच बळावर.

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा, असे समजून भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे पाठ फिरवू नये. यंत्राच्या आज्ञांचा संच ही एक लहानशी भाषाच होय, आणि एम्युलेटरचा कर्ता हा त्या भाषेचा अर्थ लावणारा होय. त्याच्या कामाचे मूल्यमापन बहुधा दोनच कसोट्यांवर होते : खेळ चालतो काय, आणि पुरेशा वेगाने चालतो काय. या कसोट्या अपुऱ्या आहेत, आणि त्याच्यापुढील खरा प्रश्न आपल्या परिचयाच्या पाठचिकित्सेचाच आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम हातातील यंत्राची अडचण पाहू. १९८९ च्या ‘गेम बॉय’ या खेळयंत्राचा पडदा १६० × १४४ बिंदूंचा. त्याच्या घड्याळाचे सेकंदास ४१,९४,३०४ ठोके पडत, आणि ७०,२२४ ठोक्यांत एक चित्र पुरे होई. म्हणजे सेकंदास साठाला किंचित कमी चित्रे. एम्युलेटरला यातील प्रत्येक चित्राचे सर्व काम सुमारे १६.७ मिलिसेकंदांत उरकावे लागते, आणि तेही विजेरी फार न खाता.

यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला दुभाष्याचा : आज्ञा वाचावी, अर्थ लावावा, कृती करावी, आणि तीच आज्ञा पुन्हा आली तरी हे सारे पुन्हा करावे. दुसरा भाषांतरकाराचा : आज्ञांचा एक खंड नव्या यंत्राच्या भाषेत एकदाच उतरवून ठेवावा आणि पुढे तो उताराच वापरावा. दुसरा मार्ग वेगवान खरा, पण त्यात एक धोका आहे. काही आज्ञावल्या चालता चालता स्वतःच्याच आज्ञा बदलतात. तेव्हा मूळ संहिता बदललेली असते आणि भाषांतर मात्र जुनेच राहते.

वेगासाठी काही सोडावेच लागते. पण जे सोडले ते गौण होते, हे कोणी ठरविले? ‘सुपर निन्टेंडो’ या यंत्रावरील ‘एअर स्ट्राइक पॅट्रोल’ या खेळाचे उदाहरण बोलके आहे. त्यातील विमानाची जमिनीवर पडणारी सावली, पडद्यावरील एकेक ओळ रेखाटली जात असतानाच मध्ये बदल करून दाखविलेली आहे. संपूर्ण ओळ एकदम रेखाटणाऱ्या अनेक एम्युलेटरांत ती सावली उमटतच नसे. खेळ चालत असे, वेगही ठीक असे. परंतु बॉम्ब कोठे पडेल याचा अंदाज खेळाडूस त्या सावलीवरूनच येत असल्याने, लोपली होती ती शोभा नव्हे, अर्थ. या यंत्राच्या प्रक्रियकाचा वेग फार तर ३.५८ मेगाहर्ट्झ, पण असे बारकावे सांभाळणाऱ्या एम्युलेटरास सुमारे ३ गिगाहर्ट्झचा संगणक लागतो, असे ‘बायू’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या त्याच्या कर्त्याने २०११ साली मांडले होते. निष्ठेची किंमत अशी शेकडो पटींनी वाढते.

३

तथापि निष्ठा ठेवावयाची ती कोणाशी, हा याहून कठीण प्रश्न आहे. ‘चिप-८’ ही जोसेफ वाइसबेकर याने आर.सी.ए. कंपनीच्या ‘कॉस्मॅक व्ही.आय.पी.’ या १९७७ च्या छोट्या संगणकासाठी रचलेली खेळांची भाषा. सोळा कप्पे, ६४ × ३२ बिंदूंचा पडदा आणि मोजक्या आज्ञा, एवढाच तिचा संसार. तीत एका कप्प्यातील अंक एका घराने सरकविण्याची एक आज्ञा आहे. मूळ यंत्रावर ती दुसऱ्या कप्प्यातील संख्या घेऊन, सरकवून, पहिल्यात ठेवी. ही आज्ञा मूळ पुस्तिकेतील यादीत नव्हती. ती वापरावरून कळली. १९९० साली ‘एच.पी.-४८’ या हातात मावणाऱ्या गणकयंत्रासाठी याच भाषेचा नवा दुभाष्या तयार झाला. त्यात दुसऱ्या कप्प्याकडे दुर्लक्ष करून पहिल्यातीलच संख्या सरकविली जाते. हा पाठ पुढील संदर्भपत्रिकांत शिरला, अनेक एम्युलेटरांनी तोच प्रमाण मानला, आणि त्यावर विसंबून नवे खेळही लिहिले गेले.

आता शुद्ध पाठ कोणता? मूळ यंत्राचा म्हणावा, तर नंतरचे खेळ बिघडतात. गणकयंत्राचा म्हणावा, तर आधीचे. ‘खेळ चालला पाहिजे’ ही कसोटी येथे निरुपयोगी ठरते, कारण ‘कोणता खेळ?’ हा प्रश्न ती विचारीतच नाही.

४

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अभ्यासकास हा पेच नवा वाटू नये. प्रवरेकाठच्या नेवाशास शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली; सच्चिदानंदबाबा लेखक झाले. ती मूळ प्रत आज आपल्यापाशी नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. पुढे १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी आपल्याला मिळालेली पोथी एकनाथपूर्व मानून प्रसिद्ध केली, आणि भाषेच्या जुन्या रूपांचा प्रश्न ऐरणीवर आला. भाषेच्या इतिहासकारास तेराव्या शतकातील रूप हवे असते. पण वारकऱ्यांनी शतकानुशतके ज्याचे पारायण केले तो पाठही केवळ अपपाठांचा ढीग म्हणून टाकून देता येत नाही. मूळ पाठ आणि रूढ पाठ या दोन्ही ऐतिहासिक वस्तू आहेत.

हे साम्य ताणू नये. नाथांचे शोधन जाणीवपूर्वक व निष्ठेने केलेले होते. गणकयंत्रावरील बदलास ती योग्यता देता येणार नाही. शिवाय जुने यंत्र अद्याप कोठेतरी चालते आणि त्याचे वर्तन मोजून पाहता येते. ओवीच्या बाबतीत अशी सोय नाही. यंत्राला ध्वनितार्थही नसतो. परंतु संपादकाचे कर्तव्य दोन्हीकडे एकच राहते : आपण कोणता पाठ स्वीकारला आणि का, हे त्याने सांगितले पाहिजे. चिप-८ च्या काही अलीकडील एम्युलेटरांत दोन्ही पाठ ठेवून निवड वापरणाऱ्यावर सोपविलेली असते. ही पाठभेदांची तळटीपच होय, आणि ती स्तुत्य आहे. याउलट खेळाचे नाव ओळखून त्याच्यापुरती गुपचूप दुरुस्ती करणारा एम्युलेटर हा पदरच्या ओव्या घालणाऱ्या लेखकासारखा समजावा. त्याचे परिणाम दूरवर जातात. ‘झेडस्नेस’ या एकेकाळच्या लोकप्रिय एम्युलेटरवर तपासून केलेली जुन्या खेळांची कित्येक रूपांतरे त्याच्या दोषांवरच उभी होती, म्हणून ती खऱ्या यंत्रावर चालेनात. प्रतीतील चुकीने मूळच खोटे पाडले!

५

खेळांच्या निमित्ताने निघालेला हा प्रश्न मराठीच्या दाराशी येऊन ठेपला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस कितीतरी मराठी ग्रंथ आणि प्रबंध अशा टंकांत जुळविले गेले की ज्यांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेले होते. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण निश्चित झाले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीही आली. तरी छपाईच्या व्यवहारात हे खाजगी संकेत पुष्कळ काळ टिकले. अशी फाइल आज मोबाइलवर उघडली असता निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. परिवर्तनाचे तक्ते आहेत. पण तक्ता हाही एक भाषांतरकारच, आणि जोडाक्षर, रफार किंवा वेलांटी यांच्या जागी तो चुकला तर ती चूक शब्दाच्या अंगी चिकटते. उद्याचा अभ्यासक तिलाच लेखकाचा पाठ समजेल.

यास्तव परिवर्तित प्रत हाती आली म्हणून मूळ फाइल टाकून देऊ नये. मूळ फाइल, तिचा टंक, परिवर्तनाचा तक्ता आणि शक्य तेथे ती जुनी आज्ञावली चालवू शकणारा एम्युलेटर, ही चारही एकत्र जतन केली पाहिजेत. विद्यापीठीय विभागांनी हे काम पोथ्यांच्या जतनाइतकेच आपले मानावे. एम्युलेटर मूळ यंत्राची जागा घेऊ शकत नाही. तो एक संपादित आवृत्ती असतो. ती आवृत्ती कोणाची, कोणत्या आधारावर सिद्ध झाली आणि तीत काय सोडले आहे, हे विचारण्याची सवय आपल्या शास्त्राने आपल्याला लावलेली आहेच. तीच येथेही चालवावयाची आहे.