पैठणची पैज

तिसगावहून शेवगावमार्गे पैठणला जाणाऱ्या रस्त्यावर फाल्गुनात नाथषष्ठीच्या दिंड्या दिसू लागल्या की ख्रिस्ती वस्तीतील माणसेही क्षणभर थांबून पाहतात. या टाळमृदंगाशी आपला काय संबंध, असा प्रश्न आपल्या काही कुटुंबांत विचारला जातो. संबंध आहे, आणि तो नुसत्या शेजारधर्माचा नाही. संत एकनाथांची चरित्रकथा ओवीबद्ध करून मराठी मुलखात घरोघर पोहोचविणारे महिपती (1715-1790) आपल्याच जिल्ह्यातील, राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे. त्यांच्या 'भक्तलीलामृत' (1774) या ग्रंथातील एकनाथचरित्राचे इंग्रजी भाषांतर 1927 साली प्रसिद्ध झाले, ते अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन अ‍ॅबट यांचे. ख्रिस्ती वाचकाने हे चरित्र आस्थेने वाचावे, हा पायंडा तेव्हा जुनाच आहे. आम्ही येथे ते एका प्रश्नासाठी वाचू इच्छितो : स्पर्धा म्हणजे नेमके काय, आणि तिच्यात न उतरणाऱ्या माणसाला ती सोडते काय?

पैठण हे या चरित्रातले नुसते स्थळ नव्हे, ते एक पात्रच आहे. सातवाहनांची ही राजधानी, पुढे विद्येचे पीठ. ज्ञानेश्वरादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी याच नगरीतील ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले, असे परंपरा सांगते. अशा नगराचे जीवन नदीच्या घाटावर चालते, आणि घाटावर एकान्त नसतो. कोण पहाटे आधी उतरला, कोणाचे सोवळे कडक, कोणाच्या पुराणाला गर्दी किती, याची नोंद पायऱ्यांवर बसल्या बसल्या होत असते. नदी सर्वांची असे म्हणण्याची रीत आहे. घाट मात्र सर्वांचा नव्हता. आज आपल्या उपासनेला येणारी पुष्कळशी घरे ज्या समाजांतून आली, त्यांना त्या पायऱ्या मोकळ्या नव्हत्या. हे ध्यानात ठेवूनच पुढच्या कथा वाचावयास हव्यात.

पहिली कथा सर्वांच्या परिचयाची. नाथ गोदावरीत स्नान करून परतताना एक यवन त्यांच्या अंगावर थुंकतो. नाथ मुकाट्याने पुन्हा नदीवर जातात. तो पुन्हा थुंकतो, हे पुन्हा स्नान करतात. सांगणारे 108 चा आकडा देतात. अखेर तो दमतो, पाय धरतो. आणि नाथ म्हणतात की, तुमच्यामुळे मला गंगेची इतकी स्नाने घडली. कीर्तनात या ठिकाणी श्रोते हमखास माना डोलावतात. आम्हांस मात्र नेहमी एक शंका येते. हे 108 मोजले कोणी? स्नान करणाऱ्याने मोजले असतील, तर त्याची शांती तिथेच संपली. मोजले असतील ते थुंकणाऱ्याने, नाहीतर घाटावरच्या बघ्यांनी. संत पेत्राने प्रभूला विचारले होते की, भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा? प्रभूने त्याला जो आकडा दिला तो मोजण्यासाठी नव्हता. मोजणेच सुटावे म्हणून होता. नाथांच्या कथेतील आकड्याचे काम याच्या नेमके उलट होते. तो क्षमेला विक्रमाचे रूप देतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात नाथ 'जिंकले' अशी नोंद राहते.

दुसरी कथा आम्हांस अधिक मोलाची वाटते. पैठणमधील काही टवाळ मंडळी एका गरजू ब्राह्मणाशी पैज लावतात : नाथांना राग आणून दाखव, दोनशे रुपये देऊ. तो बिचारा नाथ पूजेत असताना थेट त्यांच्या मांडीवर जाऊन बसतो. नाथ त्याच्या प्रेमाचे कौतुक करतात. जेवताना गिरिजाबाई वाढण्यासाठी वाकतात, तेव्हा तो त्यांच्या पाठीवर उडी घेतो. नाथ म्हणतात, सांभाळा, पाहुणे पडतील. गिरिजाबाई म्हणतात, हरीला पाठीवर घेऊन कामे करण्याची मला सवय आहे. (सगळी कसोटी नाथांची म्हणून सांगतात, पाठ मात्र गिरिजाबाईंची होती, हे कोणी मोजत नाही.) शेवटी ब्राह्मण रडकुंडीला येऊन खरे काय ते सांगतो. यावर कीर्तनपरंपरेने नाथांच्या तोंडी जे उत्तर घातले आहे ते अपूर्व आहे : अहो, आधीच सांगितले असते तर मी रागावलो असतो, तुमचे पैसे बुडाले नसते.

या एका उत्तरात पैजेचा पायाच काढून घेतलेला आहे. पहिल्या कथेतले नाथ प्रतिपक्षापेक्षा बलवान ठरतात, हे नाथ हरावयास तयार आहेत. आणि हरण्यासाठी आपली कीर्ती, म्हणजे घाटाने दिलेली एकमेव मिळकत, देऊन टाकण्यास तयार आहेत. स्पर्धा अशा माणसाला पकडू शकत नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळीही शिष्यांत थोर कोण, असा वाद झाल्याचे संत लूक सांगतो. आणि त्याच रात्री गुरूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, हे संत योहान सांगतो. दोन्ही वृत्तान्त शेजारी ठेवून वाचले म्हणजे पैठणच्या त्या उत्तराचा सूर ओळखीचा वाटतो.

तिसऱ्या कथेविषयी आम्हांस तक्रार आहे. नाथांचे पुत्र हरिपंडित काशीहून परतले ते दोन अटींवर : वडिलांनी परान्न घेऊ नये आणि प्राकृतातून पुराण सांगू नये. नाथांनी मान्य केले. श्रोते ओसरले. बाप आणि लेक यांच्यातली ही मुकी चढाओढ, संस्कृत आणि मराठी यांचा हा एकाच घरातला तंटा, कोणत्याही कादंबरीला पुरेल इतका खोल आहे. पण कथा तेथे थांबत नाही. सहस्रभोजनाचा नवस बोललेल्या एका बाईच्या घरी नाथ एकटे जेवतात, हरिपंडित उष्टी पत्रावळ उचलतात तर खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा सहस्र पत्रावळी निघतात. पुन्हा आकडा आला! पुत्र नमतो, वाद मिटतो. पण वडिलांनी हार मानून जे मिळविले होते ते चमत्काराने विजयात बदलून टाकले. आपल्याकडील संतचरित्रांतही हा दोष थोडा नाही, आणि आपल्या सणांतही नाही. कोणाच्या यात्रेला गर्दी अधिक, कोणत्या धर्मग्रामाच्या गायकवृंदाने ढाल जिंकली, हे आपण प्रार्थनेपेक्षा जास्त काळ लक्षात ठेवतो.

त्या नदीकाठची चढाओढ आज वेगळ्या रूपात चालू आहे. पैठणच्या वरच्या अंगाला जायकवाडीचे धरण झाले. 1965 मध्ये पायाभरणी, 1976 मध्ये लोकार्पण, जलाशयाचे नाव नाथसागर. शेवगाव-नेवासे भागातील गावे त्यात बुडाली. पुढे भंडारदरा, मुळा या वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी किती पाणी सोडावे यावर जिल्हा विरुद्ध मराठवाडा असा तंटा न्यायालयापर्यंत गेला. 2014 च्या आदेशाने, जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांखाली असेल तर वरून पाणी सोडण्याचे सूत्र घालून दिले. तिसगावसारख्या अवर्षणाच्या पट्ट्यात हा वाद ऐकणाऱ्याला दोन्ही पक्ष श्रीमंतच वाटतात! येथे मात्र आम्ही आकड्याची निंदा करणार नाही. पाणी मोजलेच पाहिजे. मोजमाप नसेल तर ज्याचा दरवाजा वर त्याचीच नदी. 'मी हरलो असतो' हे नाथ स्वतःच्या कीर्तीविषयी म्हणू शकले. दुसऱ्याच्या वाळलेल्या पिकाविषयी तसे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

नाथांच्या चरित्रात एक कथा अशीही आहे जिच्यात पैज नाही, आकडा नाही, वाद नाही. भर दुपारी नाथ नदीकडे निघाले असता वाळवंटात एक लहान मूल तापलेल्या वाळूत रडताना दिसते. अस्पृश्य मानलेल्या घरचे ते मूल, आईच्या मागे येऊन चुकलेले. नाथ त्याला उचलतात, त्याचे नाक पुसतात आणि गावकुसाबाहेरच्या त्याच्या घरी नेऊन पोचवितात. कीर्तनात ही कथा चटकन सांगून होते, कारण तीत रंगविण्याजोगे फारसे काही घडत नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकांना ते घर ओळखीचे वाटेल.