नाव बदललेली पुस्तकं

ना. ह. आपटे यांच्या कादंबरीचं नाव ‘न पटणारी गोष्ट’. १९३७ साली प्रभातने तिच्यावर सिनेमा काढला तेव्हा शांतारामबापूंनी हे नाव ठेवलं नाही. मराठीत ‘कुंकू’ झालं, हिंदीत ‘दुनिया न माने’. गंमत अशी की हिंदी नाव पुस्तकाच्या जास्त जवळ आहे. ‘न पटणारी’ म्हटलं की कुणाला न पटणारी, हा प्रश्न आला, आणि आपण गावच्या चावडीवर न्याय करायला बसलो. ‘कुंकू’ म्हटलं की नीरेच्या कपाळासमोर उभं राहावं लागतं. म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधलेली ही मुलगी त्याला नवरा मानायलाच तयार नाही. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. घरातले आवाज, घड्याळ, ग्रामोफोन, एवढ्यावर ते घर उभं केलंय. शांता आपटे गप्प बसल्या की ती शांतता अंगावर येते.

पुस्तकावरून सिनेमा निघाला की आपण लगेच हिशेब मांडतो: काय गाळलं, काय घातलं, शेवट बदलला का. मीही मांडायचो. आता आधी नाव बघतो. दिग्दर्शकाने पुस्तक कसं वाचलं, याची पहिली खूण तिथे असते.

‘उंबरठा’ मी आधी पाहिला. श्रेयनामावलीत शांता निसळ यांच्या ‘बेघर’चं नाव दिसलं, म्हणून पुढे कधीतरी वाचनालयातून ती कादंबरी आणली. ‘बेघर’ हे नाव निकाल लागल्यावर दिलेलं आहे. बाईने घर सोडलं, घर गेलं, विषय संपला. जब्बार पटेल आणि पटकथा लिहिणारे तेंडुलकर निकालाच्या अलीकडे थांबले. सुलभा महाजनच्या घरात कुणी खलनायक नाही. सासू स्वतः समाजकार्य करणारी, नवरा वकील, चारचौघांत शोभणारा. त्या घरात बाईने समाजकार्य करायला कुणाची हरकत नाही. ते करून संध्याकाळी घरी यावं, एवढंच. सुलभा लहान मुलीला मागे ठेवून संगमवाडीच्या महिलाश्रमाची अधीक्षक होते. परत येते तेव्हा घर तसंच आहे, फक्त तिची जागा भरली गेली आहे. शेवटी रेल्वेच्या डब्यात स्मिता पाटीलचा चेहरा दिसतो. दुःख आहे, पण पश्चात्ताप नाही, आणि सुटकेचा आनंदही नाही. या चेहऱ्याला ‘बेघर’ म्हणता आलं नसतं. सिनेमा १९८२ चा. माझ्या आईने तो पाहिला आणि ‘मुलीला सोडायला नको होतं’ एवढंच म्हणाली. दहाएक वर्षांनी टीव्हीवर पुन्हा लागला तेव्हा मात्र शेवटपर्यंत काही बोलली नाही, उठून कुकर लावला. हिंदीत याच सिनेमाचं नाव ‘सुबह’ ठेवलं, ते मला आजही खटकतं. उंबरठा ओलांडला की लगेच सकाळ होते, हे कुणी सांगितलं?

‘सिंहासन’ची गोष्ट थोडी वेगळी. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’, एकत्र करून १९७९ चा हा सिनेमा झाला, आणि दोनपैकी खुर्चीचं नाव राहिलं. शहराचं नाव गळलं तसं शहरही थोडं मागे सरकलं. तक्रार नाही, तेंडुलकरांना सत्तेचा पट मांडायचा होता आणि तो त्यांनी मांडला. फक्त एक नुकसान झालं. मी कादंबऱ्या नंतर वाचल्या, त्यामुळे पत्रकार दिगू टिपणीस माझ्यासाठी कायमचा निळू फुलेंचा झाला. साधूंचा दिगू मला कधी भेटलाच नाही. सिनेमा पुस्तकाच्या जागेवर असं पक्कं बांधकाम करतो आणि पुढे ते पाडता येत नाही.

राजीव पाटील यांनी राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ घेऊन ‘जोगवा’ केला. चौंडकं हे वाद्य आहे, जोगवा हे मागणं. वाजवणाऱ्या हातांपेक्षा पसरलेली ओटी त्यांनी पुढे आणली. हेही वाचनच.

नाव बदललं नाही म्हणजे वाचलं नाही, असं मात्र नाही. गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ पडद्यावर त्याच नावाने आली, पण पटेलांनी ती जवळजवळ गाऊन सांगितली. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांचं संगीत काढून घेतलं, तर नाग्या आणि लिंगोबाच्या डोंगरावरच्या माश्या यांचं वैर नुसतं विक्षिप्त वाटेल. अमोल पालेकरांनी १९९५ साली ‘बनगरवाडी’ केला तोही त्याच नावाने. व्यंकटेश माडगूळकरांच्या त्या कादंबरीत म्हणण्यासारखं कथानक नाही. एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत येतो, रुळतो, मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. पालेकरांनी यात कथानक घुसडलं नाही, हेच मला मोठं वाटतं.

अडचण अलीकडची आहे. ‘नटरंग’ मला आवडतो. अतुल कुलकर्णींनी पैलवानाचा नाच्या होताना शरीराचं जे केलं, ते विसरता येत नाही. पण पडद्यावरचा गुणा शेवटी सन्मान स्वीकारताना दिसतो, आणि आनंद यादवांच्या पानांवर गुणाला एवढं सुख मिळत नाही. प्रेक्षकाला घरी जाताना रुमाल खिशात ठेवता यावा, ही ती सोय. ‘शाळा’त आणीबाणीचा काळ, ती पोरं, शिरोडकरसाठी होणारी मुकुंदची तगमग, सगळं नीट उतरलंय. तरी मिलिंद बोकीलांचा मुकुंद तोंडाने एक बोलतो आणि मनात भलतंच, त्यातून जे हसू फुटतं, ते पडद्यावर निम्मंही उरलं नाही. ‘दुनियादारी’बद्दल काय बोलावं? कट्टा चकचकीत झाला आणि तिकिटं खपली. सुहास शिरवळकरांचा वाचक हॉलमध्ये आधीच बसलेला होता, त्याला फक्त हाक मारली गेली.

याच काळातले मराठीतले सगळ्यात जिवंत सिनेमे, ‘देऊळ’, ‘फँड्री’, ‘कोर्ट’, पुस्तकातून आलेले नाहीत. ते लिहिणाऱ्यांना जे सांगायचं होतं ते कुठल्या कादंबरीत आयतं नव्हतं, किंवा त्यांनी शोधलं नाही. त्यांचं काही अडलं नाही. अडलंय ते कादंबरीचं. तिच्याकडे आता निर्माता येतो तो बहुतेक वेळा नाव मागायला, कारण नाव ओळखीचं आहे आणि पोस्टरवर चालतं. आपट्यांचं नाव पुसण्याची शांतारामबापूंची हिंमत म्हणूनच मला आदराची वाटते. पुस्तक इतकं आतून वाचलं होतं की त्याला दुसरं नाव सुचलं.

तुम्ही ‘उंबरठा’ पाहिला असेल तर एकदा वाचनालयात जाऊन ‘बेघर’ मागा. कपाटात समोर नसेल. आत बघायला सांगा.